मागमूस

फोटोत तिचा डावा कान दिसत होता. पासपोर्ट साइजचा फोटो, मागे निळा पडदा, आणि केसांतून बाहेर आलेला तो कान — पाळीला भोक, भोकात काही नाही. स्टुडिओवाला म्हणाला होता, केस मागे घ्या ताई, कान दिसला पाहिजे, नाहीतर फॉर्म परत येतो... तिनं केस मागे घेतले, डोळ्यांसमोर लख्ख उजेड झाला, आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला पाहिलं. फोटो काढला नाही — पाहिलं. उरलेले फोटो तिनं चहाच्या कपाशेजारी ओट्यावर पत्त्यांसारखे मांडले होते, आणि त्या सगळ्या बायका एकाच नजरेनं तिच्याकडे बघत होत्या. एक त्यांच्यात नव्हती. ती फायनान्सच्या फॉर्मवर डिंकानं चिकटवलेली होती, अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर. आणि तो फॉर्म आत्ता कुणाच्या टेबलावर, कुणाच्या हातात होता, ते सुवर्णाला माहीत नव्हतं.

चहा निवला होता. तिनं तो तसाच पिऊन टाकला.

अकरा वर्षांत तिचा धड फोटो निघाला नव्हता. कंपनीच्या ओळखपत्रावरचा होता, पण तो इतका काळपट आलेला की कुणाचाही म्हणून खपला असता, आणि बँकेत खातं उघडताना त्याचीच प्रत तिनं लावली होती. कंपनीच्या बायकांची वणीला सहल गेली तेव्हा ती गेली नाही. त्र्यंबकला गेली, पण फोटोच्या वेळी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाजूला उभी राहिली. बायका म्हणाल्या, सुवर्णाताईंना फोटोची लाज वाटते. वाटू दे. लाज म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. भीती म्हटलं की विचारतात — कशाची?

खोलीचं लाइटबिल मालकाच्या नावावर, गॅस मालकाच्या बहिणीच्या नावावर, दारावर पाटी नाही. अशा पाच खोल्या झाल्या होत्या, आधी पंचवटीत, मग सातपूरला, मग सिडकोत. एकीकडची सोडली ती गावचा पुंजा भाजीबाजारात दिसला म्हणून. त्याची वांग्यांची गाडी होती. त्यानं तिला ओळखलं, हरखला, आणि वजन करता करता म्हणाला, तुझी माय गेली की गं, आता साल होईल, तुला कोणी सांगितलं नाय? तिनं वांगी घेतली, पैसे दिले, सुटे परत घेतले. घरी येऊन वांगी चिरली, भाजी केली. आणि मग रडण्याच्या आधी — हे तिला नंतर फार वेळा आठवलं — रडण्याच्या आधी तिच्या मनात आलं ते हे की पुंजा गावात जाऊन सांगेल. आठवड्यात तिनं खोली बदलली. आई गेली त्या दिवशी ललित, तिचा नवरा, दारात उभा असेल, आलेल्या माणसांना हात जोडत, आत बसा म्हणत, जावयानं उभं राहावं तसा. राजला, तिच्या भावाला, तो फार आवडायचा. सगळ्यांनाच आवडायचा.

सिंहस्थाच्या वर्षी तर ती घर ते कंपनी, कंपनी ते घर एवढंच करत होती. अख्खा मुलूख नाशकात उतरलेला. त्यात नांदगावचे, सासरच्या गावचे, नसतील कशावरून? त्या वर्षी गाडीवरच्या पोरींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळायची टूम काढली होती, नुसते डोळे उघडे. तिनंही एक स्कार्फ घेतला. ऊन फार आहे, म्हणाली.

आणि आता ती स्वतःहून आपला कान दाखवून आली होती.

घर घ्यायचं तिच्या मनात नव्हतंच. मालकानं सांगितलं, पोराचं लग्न आहे, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत खोली मोकळी करा. आणि सहावी खोली शोधताना पाथर्डी फाट्याकडे एका नव्या इमारतीत ती सहज शिरली. एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतींना ओल्या चुन्याचा वास. दाखवणारा माणूस खिडक्या दाखवत होता, नळ सोडून दाखवत होता, आणि ती दारापाशीच थांबली होती. दार जाड होतं, आणि त्याला डोळ्याच्या उंचीवर एक भिंग बसवलेलं होतं. तिनं डोळा लावला. बाहेरचा जिना, कठडा, समोरचं दार — सगळं वाकून लहान झालेलं, आणि जिन्यावरून एक बाई वर येत होती. तिला माहीत नव्हतं की आपल्याला कुणी बघतंय. सुवर्णा तशीच डोळा लावून उभी राहिली. येणारा आपल्याला दिसतो आणि आपण येणाऱ्याला दिसत नाही, असं दार जगात असतं, आणि ते विकत मिळतं...

बँकेतला साहेब चांगला होता. कधी काही हप्त्यानं घेतलंय का, त्यानं विचारलं. टीव्ही, शिलाई मशीन, स्कूटी? नाही. पतसंस्थेचं कर्ज? नाही. कुणाला जामीन राहिलात? नाही. त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

“बाई, आम्ही कर्ज द्यायचं तर माणूस कसा आहे ते कळायला पाहिजे. तुमचा तर कुठे मागमूसच नाही.”

ती जवळजवळ हसली. एवढी वर्षं ती जे काम रोज करत होती — कंपनीतलं नव्हे, ते दुसरं, खरं काम — त्याची पावती पहिल्यांदाच कुणी दिली होती. मागमूस नाही. आणि साहेब ते तक्रारीच्या सुरात सांगत होता.

कंपनीच्या हिशेब खात्यातले प्रफुल्ल म्हणाले, त्यात काय, आधी लहानसं काही घ्या. फ्रिज घ्या. हप्ते वेळेवर भरा, वर्षभरानं परत बँकेत जा. आता मुंबईला सगळ्यांची नोंद ठेवायला लागलेत म्हणे, कॉम्प्युटरवर. कुणी घेतलं, कुणी फेडलं. तुमचं नाव तिथे एकदा उमटलं पाहिजे. प्रफुल्ल सरळ माणूस. पण उमटलं हा शब्द त्यांनी कसा काय काढला... ओल्या मातीवर पाय उमटतो तसा. आणि मग त्या पायावरून कुणीही चालत येतं.

दुकानात फ्रिज पसंत करायला वेळ लागला नाही. फायनान्सचा माणूस तिथेच कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला. तो विचारत गेला, ती सांगत गेली. इथे किती वर्षं? त्याआधी कुठे? ओळखणारी दोन माणसं सांगा. कायमचा पत्ता? तो रकाना मोकळा ठेवा, ती म्हणाली. मोकळा ठेवता येत नाही, तो म्हणाला, मूळ गाव असेल ना काहीतरी. आणि तिच्या तोंडून गाव निघून गेलं, चांदवडजवळचं, तालुक्यासकट, राज जिथे अजून राहतो आणि झेंडू लावतो ते. त्यानं लिहून घेतलं. वर म्हणाला, घरी चौकशीला माणूस येईल, शेजारी विचारेल. गावाकडेही पाठवतात कधी कधी. नाही पाठवत सहसा. घाबरू नका, रीतच असते ती.

चौकशी. हाच शब्द होता ललितचा.

ललितनं तिच्या अंगाला कधी हात लावला नाही. हे ती कुणाला सांगायला गेली की तिथेच गोष्ट संपायची. मारतो का? नाही. पितो का? नाही. मग? मग — तो खुर्ची घेऊन बसायचा आणि तिला समोर उभं करायचा. बाजारात गेली होतीस. कुठून कुठे गेलीस? कोण भेटलं? ती काय म्हणाली? तू काय म्हणालीस? आवाज चढायचा नाही. शेतकऱ्यानं तण काढावं तसा एकेक प्रश्न, शांतपणे. आणि उत्तरात काही इकडचं तिकडे झालं, आधी मेथी म्हणाली आणि मग शेपू, की तो मान हलवायचा आणि म्हणायचा, नाही, परत पहिल्यापासून. पाय भरून यायचे. दूध उतू जायचं. परत पहिल्यापासून. हळूहळू ती बाजारात जाता जाताच पाठ करायला लागली, डावीकडे चांगुणाबाई भेटली, उजवीकडे कुणी नाही... पुढे पुढे तिला खरंच आठवेना की मेथी घेतली होती की शेपू, की आपण घराबाहेर पडलोच नव्हतो.

पहिल्यांदा ती माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी तो आला. दुसऱ्यांदा वणीला, छायाकडे, शाळेतली मैत्रीण म्हणून. तिथेही आला. पायरीवर चपला काढून, हातात रेवड्यांची पुडी. छायाच्या सासूच्या पाया पडला, पाणी मागितलं, गडावरच्या गर्दीबद्दल बोलला. तो कुणालाच काही वाईट बोलला नाही. जेवणं होईपर्यंत सगळं घर तिला समजावत होतं, अगं एवढा चांगला माणूस, जा. आणि एसटीत तिच्या शेजारी बसून, खिडकीची काच तिच्यासाठी नीट लावून देत त्यानं विचारलं, हं, आता सांग. घरातून निघालीस तिथपासून.

तिसऱ्यांदा तिनं कुणाचंच घर गाठलं नाही. नाशिकला उतरली. पळालेली बाई मुंबईला जाते, आणि तो मुंबईला शोधेल, एवढंच तिनं ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.

तिनं फोटो गोळा करून पाकिटात टाकले, पाकीट पिठाच्या डब्यामागे सारलं, आणि कंपनीत गेली.

कंपनीत काढ्याच्या बाटल्यांना लेबल लावायचं काम. पट्ट्यावरून बाटल्या येतात, लेबल सरळ बसलं की नाही बघायचं, वाकडं असेल ती बाजूला. हे काम तिला आवडायचं, बाटल्या काही विचारत नाहीत. पण आज तिला सारखं वाटत होतं की आपण इथे आहोत आणि तिकडे दारात कुणीतरी उभं आहे. कुलूप बघतंय. मी घरी नसताना माझं घर कसं दिसतं, ते मी कधी पाहिलेलं नाही... शेजारची बाई म्हणाली, ताई, ती बाटली वाकडी गेली. गेली खरी.

दुपार कलल्यावर ती सिडकोतल्या आपल्या गल्लीत शिरली तेव्हा शेजारच्या मंगलाबाई पायरीवर लसूण सोलत बसलेल्या होत्या. मंगलाबाई मूळच्या दिंडोरीकडच्या, वयानं मोठ्या, एकट्या, मुलगा सुरतला. दोन वर्षांत त्यांनी सुवर्णाला फार काही विचारलं नव्हतं. अगदी पहिल्या आठवड्यात, मिस्टर काय करतात, म्हणाल्या होत्या, आणि सुवर्णा म्हणाली होती, मिस्टर गेले. कुठे, ते सांगितलं नव्हतं. मंगलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

“तुझ्याकडं सकाळी माणूस आला व्हता,” मंगलाबाई म्हणाल्या.

सुवर्णाच्या हातातली किल्ली कुलपाला लागली आणि तिथेच राहिली.

फायनान्सचा असेल, ती म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. असंल, मंगलाबाई म्हणाल्या. काहीतरी कागद व्हता हातात. काय काय विचारलं? लय विचारलं. किती सालापासून राहती, कामाला कधी जाती, कधी येती, कोण येतं-जातं... मिस्टर कुठं असतात. मग? मग काय, मी सांगितलं गेले म्हणून. तर जरासा हसल्यासारखा झाला. म्हणजे हसला असं नाय, पण...

नाव? नाव नाय बाई विचारलं. वय? असंल पंचेचाळीस. दिसायला? दिसायला बरा की. केस नीट बसवलेले. परत येतो म्हणाला, त्या आल्या की.

“चांगला माणूस व्हता गं. पायरीखाली चपला काढल्या न् मग वर आला. पाणी मागितलं, तांब्या परत हातात दिला माझ्या.”

कुलूप उघडलं. ती आत गेली, कडी लावली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. उन्हाची तिरीप ओट्यावर आली होती. बाहेर कुणीतरी रिक्षा चालू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

चपला काढून. पाणी मागितलं.

नाही — सगळेच चपला काढतात. उन्हाचं माणूस पाणी मागतंच. फायनान्सचा माणूस येणार होता, आला, चौकशी केली, गेला. सरळ गोष्ट आहे. आणि तरी माळ्यावरून हिरवी पिशवी खाली कधी आली ते तिला कळलं नाही. ती पिशवी कायम असायची, प्रत्येक खोलीत: दोन साड्या, टॉवेल, बँकेचं पुस्तक. तिनं त्यात औषधाची पट्टी टाकली, चष्मा टाकला, चष्मा परत काढला कारण तो लागणार होता. कुठे जायचं? धुळ्याला... पुण्याला... पाठ पलंगाला टेकवून ती खाली बसली. गावचा पत्ता मीच दिला, तालुक्यासकट दिला. माणूस गावी गेला असेल, राजला विचारलं असेल, सुवर्णा जयराम विधाते तुमची कोण, आणि राजनं त्या माणसाला चहा पाजला असेल, आणि संध्याकाळी ललितला निरोप — दाजी, सापडली. आणि त्यानं तारेवरचा शर्ट काढला असेल, इस्त्री केली असेल. त्याला घाई कधीच नसायची.

आणि सापडल्यावर तो कुठपासून विचारेल? घरातून निघालीस तिथपासून. अकरा वर्षं. पाच खोल्या, सगळे मालक, सगळ्या बाटल्या. ती मनातल्या मनात जुळवायला लागली आहे, हे तिच्या लक्षात आलं — आधी पंचवटी, तिथे मालकीण नवसाबाई, मग सातपूर... ओठ हलत होते. तिनं तोंडावर हात ठेवला.

मग ती उठली, मागच्या दारानं निघाली, आणि कोपऱ्यावरच्या पीसीओत गेली. दुकानाचा नंबर फिरवला, वाजत राहिला. आज तिकडची दुकानं बंद असतात, हे तिला वाजता वाजता आठवलं. मग कंपनीत लावला. प्रफुल्ल अजून ऑफिसात होते. तुमच्याकडे कुणी आलं होतं का, तिनं विचारलं, फायनान्सकडून? तुमचं नाव दिलंय मी. नाही बुवा, प्रफुल्ल म्हणाले, येतील की, आधी घरी येतात की इकडे त्याचा काही नेम नसतो. का, काय झालं? काही नाही, ती म्हणाली. पीसीओवाल्यानं काचेतून तिच्याकडे पाहिलं. ती पैसे देऊन बाहेर आली आणि स्टॅन्डकडे जाणारी रिक्षा तिच्यासमोर येऊन थांबली. तिनं हात केलाच नव्हता, की केला होता... कुठे, रिक्षावाला म्हणाला. ती एक पाऊल मागे सरकली. तो कंटाळून निघून गेला.

पिशवी घरी होती. पिशवीशिवाय जाता येत नव्हतं, एवढ्याच कारणानं ती परत आली.

दार वाजलं तेव्हा ऊन गेलेलं होतं. दोनदा वाजलं, मध्ये थोडं थांबून. ललित कसा वाजवायचा ते तिला आठवेना. त्याला दार वाजवावं लागलंच नव्हतं कधी; सगळीकडे दारं उघडीच असायची. ती पलंगापासून दारापर्यंत आली, ते अंतर कसं कापलं कोण जाणे, आणि म्हणाली, कोण?

“विधाते मॅडम का? फ्रिजच्या चौकशीसाठी आलोय.”

हा आवाज त्याचा नव्हता. नव्हताच. तिनं कडी काढली. बाहेर जाडसर, घामेजलेला माणूस उभा होता, गाडीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच्या पायात बूट होते आणि ते त्यानं काढले नाहीत. त्याच्या मागे मंगलाबाई येऊन थांबल्या होत्या.

“सकाळी तुम्हीच येऊन गेलात ना?” सुवर्णा म्हणाली.

“सकाळी? नाही मॅडम. सकाळी मी सिन्नरला होतो.”

तिनं त्याच्या खांद्यावरून मंगलाबाईंकडे पाहिलं. मंगलाबाईंनी मान हलवली. हा नव्हे.

आमचाच दुसरा कुणी असेल, तो माणूस म्हणाला. कधी कधी एकाच कागदावर दोघं फिरतात, ऑफिसात गोंधळ फार. विचारून बघतो. पण विचारून बघणाऱ्याचा तो आवाज नव्हता. त्याला दिवस संपवायचा होता. तो खुर्चीवर बसला — खुर्ची घरात एकच होती — आणि त्यानं मांडीवर कागद घेतला, आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तरी उभी राहिली.

इथे किती वर्षं? दोन. त्याआधी कुठे? आणि ती सांगायला लागली. त्याआधी इथेच मागच्या चौकात, लताबाईंच्या घरी, वरची खोली, जिना बाहेरून, पाणी खालून आणायचं. त्याआधी सातपूरला, ती सोडली कारण गावचा माणूस बाजारात भेटला, बुधवार नव्हता, गुरुवार होता, वांगी घेतली, पाव किलो. त्याआधीही सातपूरलाच, दुसऱ्या गल्लीत. आणि पंचवटीत नवसाबाई म्हणून होत्या, त्यांच्याकडे...

“एवढं नको, मॅडम,” तो म्हणाला. “आधीचा एक पत्ता पुरे.”

ती थांबली. त्यानं एक ओळ लिहिली. खोलीत त्याच्या पेनाचा आवाज तेवढा येत होता. तिला कळेना की आता काय करायचं. ते उरलेलं सगळं घशापर्यंत आलेलं होतं, क्रमानं, बिनचूक, आणि या माणसाला ते नको होतं. आपण मेथी म्हणालो की शेपू, त्याला काही फरक पडत नव्हता. ती पलंगावर बसली. त्याच्यासमोर बसली आणि त्याचं तिकडे लक्षही गेलं नाही.

मिस्टर, तो म्हणाला. नाव आणि काम.

दाराशी मंगलाबाई होत्या. गेले म्हणालं की झालं असतं. तो शब्द जिभेवर तयार होता, त्यानं इतकी वर्षं तिला सांभाळलं होतं.

“आहेत,” ती म्हणाली. “नांदगावला असतात. मी त्यांच्याकडून निघून आले.”

मंगलाबाईंनी दाराची चौकट धरली. त्या माणसाचं पेन जरा थांबलं. मग विवाहित लिहू का, त्यानं विचारलं. विभक्त लिहा. विभक्तचा रकाना नाही, तो म्हणाला, इतरमध्ये टाकतो; आणि टाकलं. मग त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, फ्रिज कुठे ठेवणार? तेही लिहायचं असतं का, ती म्हणाली. नाही, सहज. दारामागे नका ठेवू, दार पूर्ण उघडणार नाही.

दारामागेच ठेवायचा होता. खालच्या चाकांवर तो एकटीला दाराला लावून सरकवता येतो की नाही, ते तिनं दुकानात हात लावून पाहिलं होतं.

रिपोर्ट मुंबईला जाईल, तो उठता उठता म्हणाला. फ्रिज आठवड्यात येईल. हप्ता तेवढा चुकवू नका, एकदा चुकला की कायमचं लागतं. नाव लागतं ते पुसत नाही. आणि तो बूट वाजवत निघून गेला.

मंगलाबाई आत आल्या. पलंगावरच्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं. ती उघडीच होती, टॉवेलचं टोक बाहेर. त्या काही विचारतील म्हणून सुवर्णा वाट बघत राहिली, पण त्या तिच्या शेजारी नुसत्या बसल्या. मग म्हणाल्या, मी त्याला पाणी दिलं. तुम्हाला काय माहीत, सुवर्णा म्हणाली. आणि कदाचित तो नसेलही, यांच्यातलाच दुसरा असेल. असंल, मंगलाबाई म्हणाल्या. दोघींच्याही आवाजात ते धड उतरलं नाही.

“मी त्याचं नाव बी विचारलं नाय बघ,” मंगलाबाई म्हणाल्या. “तो विचारीत गेला न् मी सांगत गेले. कोण कुठला, माझ्या पायरीवर उभा राहून मला विचारतो, न् मी सांगते.”

त्या भाकरी टाकायला म्हणून गेल्या. दार तुझं तू लाव, म्हणाल्या, काही वाटलं तर भिंतीवर हात मार.

तिनं कडी लावली. पिशवी तिथेच राहू दिली. रिकामी केली नाही, बंदही केली नाही. मुंबईत कुठेतरी, एका कॉम्प्युटरात, आता तिचं नाव जाणार होतं, वडिलांच्या नावासकट, या खोलीच्या पत्त्यासकट. पुसत नाही म्हणाला. सकाळी या विचारानं तिनं पिशवी उचलली असती. आत्ताही भीती होती, पण ती जराशी सरकली होती, आणि जिथून सरकली तिथे जागा झाली होती. या जागेचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

तो विचारीत गेला न् मी सांगत गेले. छायाच्या सासूनंही सांगितलं होतं. राजनं सांगितलं होतं. मी तर... मी उभी राहून सांगितलं, वर्षानुवर्षं. आणि एकदाही, एकाही प्रश्नाला उलटा प्रश्न केला नाही. तुम्ही कुठे गेला होतात? तुम्हाला कोण भेटलं? तिनं आठवून पाहिलं तरी त्याच्याबद्दल फारसं काही आठवेना. त्याला काय खायला आवडायचं ते माहीत होतं, कॉलर किती कडक लागायची ते माहीत होतं. पण ती घरात नसताना तो कसा असायचा, कशाला भ्यायचा, याचा मागमूस तिच्याकडे नव्हता. सगळ्या गावाला चांगला म्हणून ठाऊक असलेला तो माणूस, आणि त्याला धड कुणीच विचारलेलं नाही.

बाहेर गल्लीत पावलं वाजली. जवळ आली. ती वरच्या मजल्यावर जाणाऱ्या कुणाची असतील. या वेळी माणसं कामावरून परततात. तिचं अंग आकसलं, नेहमीसारखंच, आणि कान दाराकडे गेले. मागचं दार डावीकडे होतं, पिशवी हाताशी होती. पण डोक्यात वाटा उमटायच्या ऐवजी भलतंच काही जुळायला लागलं होतं; ओठ हलत होते आणि आता तिनं ते दाबले नाहीत. कोण तुम्ही? नाव काय? कुठून आलात? इथे तुम्हाला ओळखणारं कोण आहे?

पावलं दारापाशी मंदावली. ती उठून उभी राहिली, आणि पहिला प्रश्न कोणता विचारायचा, ते ठरवू लागली.